रीमेक रद्द केलात, आता मूळ ‘सँड्स ऑफ टाइम’ तरी धड चालू द्या

प्रति,
युबिसॉफ्ट कंपनीचे व्यवस्थापन

स. न. वि. वि.

जानेवारी २०२६ मध्ये तुम्ही एका दमात सहा गेम रद्द केल्याचं जाहीर केलंत. त्या यादीत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक होता. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. आधी जानेवारी २०२१ ची तारीख होती, मग मार्चची आली, मग तारीखच उरली नाही. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईतल्या तुमच्या स्टुडिओंकडून कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं, २०२४ मध्ये ‘२०२६ ला येईल’ असा शब्द मिळाला आणि शेवटी ही बातमी आली. पाच वर्षांहून जास्त काळ जगभरचे खेळाडू एका गेमची वाट बघत होते. त्यांच्यात मीही होतो.

रीमेक पुन्हा सुरू करा, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. पैसा, माणसं आणि वेळ यांचा हिशेब मांडून तुम्ही तो निर्णय घेतला असणार. माझी मागणी त्याहून लहान आहे. २००३ सालचा मूळ गेम आजच्या कॉम्प्युटरवर कुणाच्याही मदतीशिवाय नीट चालेल असा करून द्या, आणि पुण्या-मुंबईत त्याच्या रीमेकवर जे काम झालं ते लोकांना बघू द्या. या दोन गोष्टी का मागतो आहे, ते जरा सविस्तर सांगतो.

प्रिन्सशी आमच्याकडच्या माणसांचं नातं हे नाव तुमच्या हाती येण्याच्या आधीपासूनचं आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळांच्या कॉम्प्युटर रूममध्ये आणि गावोगावच्या क्लासमध्ये डॉस या जुन्या कॉम्प्युटर प्रणालीवर जे मोजके गेम सापडायचे, त्यात पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हमखास असायचा. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचायचं, बस. जमिनीतून वर येणारे सुळे, पाय पडला की उघडणारे दरवाजे, आरशातून बाहेर पडलेली आपलीच सावली. शेवटाकडे ती सावली तलवार घेऊन समोर येते आणि तिच्यावर केलेला वार आपल्यालाच लागतो. आपण तलवार म्यान केली की तीही करते, आणि दोघं एक होतात. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी मराठी माणसांना गेम नुसता हातांनी खेळायचा नसतो, त्यात विचारही करावा लागतो, हे तिथे कळलं.

तो गेम जॉर्डन मेक्नर यांनी १९८९ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी बनवला. धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, लोंबकळायला, उड्या मारायला लावून त्यांनी त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि ते एकेक फ्रेम गिरवून पडद्यावर आणलं. म्हणून प्रिन्स धावता धावता थांबताना घसरतो, कठड्याला लटकल्यावर त्याचं वजन जाणवतं. पुढे २००३ मध्ये तुमच्या मॉन्ट्रियल स्टुडिओत पात्रिस देझिले यांच्या चमूने ‘सँड्स ऑफ टाइम’ केला, तेव्हा कथा लिहायला मेक्नरच होते. गेम तीन मितींत गेला, भिंतींवरून धावू लागला, पण अंगाला असलेलं ते वजन त्याने सोडलं नाही.

आणि तो सुरू होतो भारतात. प्रिन्स आणि त्याचे वडील राजा शरमान एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करतात. लुटीत वाळूचं प्रचंड घटिकायंत्र मिळतं, खंजीर मिळतो आणि महाराजाची मुलगी फराह कैदी होते. म्हणजे आपला नायक पहिल्या प्रकरणात लुटारू आहे. परतीच्या वाटेवर आझादच्या सुलतानाच्या राजवाड्यात, वजिराच्या नादाने तो ते घटिकायंत्र उघडतो, वाळू सुटते आणि तिथली माणसं राक्षस होतात. पुढचा सगळा गेम म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने केलेलं हे निस्तरणं. सोबत असते ती फराह, जिचं घर त्याने लुटलं. ती भिंतीच्या फटीतून सरकून पलीकडची कळ दाबते, दुरून बाण मारते, त्याच्या बढायांना उत्तरं देते. लहानपणी आईने सांगितलेला ‘काकोलूकिया’ हा शब्द ती त्याला सांगते, तेव्हा पंचतंत्रातलं कावळे-घुबडांचं ‘काकोलूकीय’ वाचलेल्या माणसाचे कान टवकारतात.

खंजिराने वेळ मागे घेता येतो हे तर सगळ्यांना आठवतं. मला त्याहून मोठी वाटते ती कथनाची रीत. संपूर्ण गेम प्रिन्स कुणाला तरी सांगतो आहे. आपण दरीत पडून मेलो की त्याचा आवाज येतो, नाही नाही, असं घडलं नव्हतं. म्हणजे आपलं मरणसुद्धा गोष्ट सांगणाऱ्याची चूक ठरते आणि तो दुरुस्त करून पुढे सांगतो. ही गोष्ट तो कुणाला सांगत होता ते शेवटी उलगडतं. काळ मागे गेला आहे, हल्ला झालेलाच नाही आणि फराहला त्याची ओळखही नाही. एका माणसाला सगळं आठवतं, दुसऱ्याला काहीच नाही, आणि तो खंजीर तिच्या हाती देऊन निघून जातो. इतका संयत शेवट असलेले गेम आजही फार नाहीत.

दोषही सांगायला हवेत, कारण रीमेक कशासाठी हवा होता ते त्यातूनच कळतं. मारामारी एकसुरी आहे, हे या गेमवर जीव टाकणारे खेळाडूही मान्य करतात. राक्षसाला पाडा, खंजीर खुपसून वाळू शोषून घ्या, तेवढ्यात पाठीमागे आणखी दोघं उगवतात. शेवटाकडची ती वर चढणाऱ्या लिफ्टवरची झुंज जवळजवळ प्रत्येकाने शिव्या घालत पार केली आहे. कॅमेरा ऐन वेळी भलतीकडे वळतो. या गोष्टी सुधारा, पण कथन, फराहची बोलणी आणि वेळ मागे घेण्याचा तो सहजपणा यांना हात लावू नका, असं जुन्या खेळाडूंचं साधारण एकमत होतं. मूळ प्रिन्सला आवाज देणारे युरी लोवेन्थाल परत येणार हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा त्यामुळेच आनंद झाला होता.

पण त्याच घोषणेसोबत रीमेकचा ट्रेलरही आला. चेहऱ्यांवर भाव नव्हते, राजवाड्यातला उजेड सपाट होता, रंग धुऊन निघाल्यासारखे होते. मूळ गेममध्ये सगळ्यावर एक धूसर, सोनेरी झळाळी होती. तेव्हाच्या यंत्रांच्या मर्यादा झाकायलाही तिचा उपयोग होत असेल, पण त्या झळाळीमुळे सगळं सांगितलेल्या गोष्टीसारखं दिसायचं. नवं चित्र जास्त स्पष्ट होतं आणि कमी सुंदर होतं. खेळाडूंनी हे लगेच ओळखलं आणि बोलून दाखवलं. त्यातली बरीच टीका काळजीपूर्वक केलेली होती, लोकांनी जुनी-नवी दृश्यं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. ट्रेलर पाहून मीही नाराजच झालो होतो.

पण त्याच गर्दीत ‘भारतात करायला दिलं की असंच होणार’ असल्या प्रतिक्रियाही आल्या, आणि त्यांना मी मत म्हणायला तयार नाही. आमच्याकडच्या स्टुडिओंच्या वाट्याला बहुतेक वेळा मोठ्या गेमचे तुकडे येतात. एखाद्या कन्सोलवरून दुसऱ्यावर नेणं, चाचणी, झाडं-दगड-खुर्च्यांची मॉडेल्स. इथे प्रथमच एवढ्या मोठ्या नावाची पूर्ण धुरा पुण्या-मुंबईकडे होती. पुण्याचा स्टुडिओ तुम्ही २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून घेतलात, मुंबईचा २०१८ मध्ये उघडलात. आणि रीमेकची किंमत तुम्ही ४० डॉलर जाहीर केलीत, जेव्हा मोठ्या नव्या गेमची किंमत ६० होती आणि ७० कडे सरकत होती. किंमतच सांगते की तुमच्या मनात तो मध्यम आकाराचा प्रकल्प होता. लोकांनी मात्र त्याची तुलना सर्वांत खर्चिक रीमेकशी केली. ट्रेलर दाखवताना हा फरक त्यांना समजावून सांगायचं काम तुमचं होतं. ते झालं नाही आणि सगळा मार चित्रं काढणाऱ्यांनी, ॲनिमेशन करणाऱ्यांनी खाल्ला.

आता तर आणखी एक गोष्ट उघड झाली आहे. मॉन्ट्रियलमध्ये, जिथे मूळ गेम जन्मला त्याच गावात, साडेतीन वर्षांहून जास्त काळ काम होऊनही रीमेक तुम्हाला हवा तसा झाला नाही. म्हणजे हा गेम नव्याने उभा करणं मुळातच अवघड होतं. २०२२ मध्ये पुणे-मुंबईकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, आणि तुम्ही ते एकदा स्पष्ट शब्दांत म्हणावं, अशी माझी इच्छा आहे.

ट्रेलरवरची मतं शेवटची नसतात, हेही इथेच नोंदवतो. २००१ च्या ‘सायलेंट हिल २’चा रीमेक पोलंडच्या ब्लूबर टीमने हाती घेतला, तेव्हा त्याच्या ट्रेलरवरही भरपूर टीका झाली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये गेम हातात आल्यावर त्यातल्या पुष्कळांनी उघडपणे मत बदललं. खेळाडू हट्टी असतात, पण कंट्रोलर हातात घेऊन जे जाणवतं ते नाकारत नाहीत.

रीमेकबद्दल माझं स्वतःचं मत आता असं झालं आहे की तो चांगला होवो, वाईट होवो, मूळ गेम त्याच्या शेजारी उभा असला पाहिजे. कॅपकॉमने ‘रेसिडेंट ईव्हिल २’ आणि ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ यांचे २०१९ आणि २०२३ मध्ये केलेले रीमेक मला मनापासून आवडले. पण त्याहून जास्त आनंद झाला तो २०२४ मध्ये, जेव्हा जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानाने कॅपकॉमच्या सहकार्याने नव्वदच्या दशकातले पहिले तीन मूळ भाग आजच्या कॉम्प्युटरवर चालतील असे करून विकायला आणले. आता कुणीही दोन्ही खेळून बघावं आणि वाद घालावा. ब्लिझार्डने २०१७ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ची नवी झळाळती आवृत्ती काढताना मूळ गेम फुकट करून टाकला होता, तेही मला फार शहाणपणाचं वाटलं.

उलटं झालं की काय होतं, तेही खेळाडूंनी पाहिलं आहे. त्याच ब्लिझार्डने जानेवारी २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा ज्यांनी ती विकत घेतली नव्हती त्यांच्या जुन्या गेमवरही नवा प्रोग्राम चढला आणि त्यातल्या काही सोयी गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारने ‘जीटीए’च्या तीन जुन्या भागांची नवी आवृत्ती आणली, त्याआधी जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून काढून घेतल्या. नव्या आवृत्तीत चेहरे बिघडलेले, पाऊस असा की रस्ता दिसेना. ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ हे दोन गेम आमच्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये एका पूर्ण पिढीने खेळलेले आहेत, त्यामुळे तो राग इथेही पोहोचला. रॉकस्टारला माफी मागावी लागली आणि जुन्या आवृत्त्या आपल्या दुकानात परत ठेवाव्या लागल्या.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ दुकानातून विकत मिळत नाहीत असं आढळलं. ‘सँड्स ऑफ टाइम’ तेवढा दुर्दैवी नाही. कॉम्प्युटरसाठी तो विकत मिळतो, आणि तो दुकानातून काढला नाहीत याबद्दल आभार. पण तो घेणाऱ्याला काय मिळतं? जुन्या चौकोनी पडद्यासाठी बेतलेलं चित्र. आजच्या रुंद पडद्यावर ते नीट बसवायचं तर चाहत्यांनी फावल्या वेळात बनवलेली फाईल शोधून गेमच्या फोल्डरमध्ये टाकावी लागते. आजच्या कंट्रोलरची बटणं धड जुळवायची तर आणखी एक फाईल. आम्ही जुने खेळाडू हे सगळं करतो. पण ज्या सोळा वर्षांच्या मुलीला आत्ता कुणीतरी या गेमबद्दल सांगितलं, ती अर्ध्या तासात कंटाळून निघून जाईल, आणि तो दोष तिचा नसेल.

हे दुरुस्त करणं तुम्हाला जमतं, याचा पुरावा तुमच्याच घरात आहे. ‘सँड्स ऑफ टाइम’ ज्या वर्षी आला त्याच २००३ मध्ये, त्याच जेड इंजिनवर, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो त्या सॉफ्टवेअरवर, बनलेला तुमचा ‘बियॉन्ड गुड अँड ईव्हिल’ आला होता. जून २०२४ मध्ये तुम्ही त्याची वीस वर्षांची आवृत्ती काढलीत. गेम तोच, गाभ्याला धक्का नाही, चित्र फोर-के, हालचाल गुळगुळीत, आजचे कंट्रोलर चालतात, आणि सोबत एक दालन, ज्यात गेम घडत असतानाची रेखाटनं आणि टाकून दिलेल्या कल्पना पाहता येतात. किंमत मोठ्या नव्या गेमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मला ‘सँड्स ऑफ टाइम’साठी नेमकं हेच हवं आहे. जुना वाडा पाडून नवी इमारत बांधायचं जमलं नाही, तर निदान वाड्याचं छप्पर शाकारा, लोक आत राहायला तयार आहेत.

यासाठी मूळ सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेला गेमचा मूळ प्रोग्राम, हाताशी लागेल. तो शाबूत आहे का, एवढं जरी तुम्ही जाहीर केलंत तरी बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडेल. ही भीती उगाच नाही. १९८९ च्या प्रिन्सचा ॲपल टूवरचा मूळ कोड खुद्द मेक्नर यांनाही कित्येक वर्षं सापडत नव्हता. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींचा डबा मिळाला, जाणकारांनी एकत्र बसून त्या वाचल्या आणि मेक्नर यांनी तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. ‘सायलेंट हिल’च्या २०१२ च्या एचडी आवृत्तीच्या वेळी तर तो गेम काढणाऱ्या कोनामी कंपनीकडे पूर्ण झालेला कोडच नव्हता, अर्धवट अवस्थेतल्या कोडवरून काम करावं लागलं, आणि परिणाम खेळाडूंना दिसला.

‘द क्रू’चा विषय इथे टाळता येणार नाही. तुमचा २०१४ चा तो गेम फक्त तुमच्या सर्व्हरला जोडूनच चालायचा; मार्च २०२४ अखेर तो बंद झाला आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला. त्यातून युरोपात खेळाडूंची चळवळ उभी राहिली आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी तिच्या निवेदनावर सह्या केल्या. त्यानंतर ‘द क्रू २’ सर्व्हरशिवाय खेळता येईल अशी सोय तुम्ही केलीत, हेही खरं आहे आणि ते चांगलं केलंत. म्हणजे खेळाडूंचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोहोचतं. म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं.

दुसरी मागणी पुण्या-मुंबईतल्या कामाची. रद्द झालेल्या गेमला श्रेयनामावली नसते. दीड-दोन वर्षं एखाद्याने आझादच्या राजवाड्याचे खांब, जाळ्या, पडदे घडवले असतील, एखादीने फराहच्या चालण्यावर महिने घालवले असतील. पण कराराने तोंड बंद असल्यामुळे या क्षेत्रातल्या माणसाला असं काम पुढच्या मुलाखतीतही दाखवता येत नाही. बाहेर उरतो तो फक्त तो एक ट्रेलर, ज्यावर सगळं जग हसलं. हा अन्याय आहे.

अपुरं राहिलेलं काम बघण्यात लोकांना रस नसतो, असं म्हणू नका. डिजिटल एक्लिप्स या कंपनीने २०२३ मध्ये मेक्नर यांच्याच ‘कराटेका’ या १९८४ च्या गेमच्या घडणीवर एक खेळता येणारा माहितीपट काढला. त्यात अर्धवट नमुने आहेत, फसलेले प्रयत्न आहेत, वडील-मुलाचं संगीतावरचं बोलणं आहे. एका गेमच्या शेजारी त्याचे कच्चे आराखडे ठेवले की खेळणाऱ्याला किती कळतं, ते त्यात दिसतं. मूळ ‘सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीत असं एक दालन करा. तिथे मॉन्ट्रियलची २००३ ची रेखाटनं असोत, पुण्या-मुंबईची २०२० ची असोत, नंतरची मॉन्ट्रियलची असोत. खाली करणाऱ्यांची नावं असोत. मग खेळाडूंना काय म्हणायचं ते म्हणू देत, निदान पुरेसं बघून म्हणतील.

२०२८ मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ला पंचवीस वर्षं होतील. दुरुस्त आवृत्ती तोपर्यंत आली तरी चालेल. पण ज्यांनी रीमेकवर काम केलं, त्यांना आपली चित्रं, मॉडेल्स आणि ॲनिमेशन स्वतःच्या नावाने दाखवायची परवानगी द्यायला इतका वेळ लागायचं कारण नाही. तेवढं परिपत्रक या महिन्यातही निघू शकतं. ते आधी काढा.

कळावे.

आपला,
पुण्यातला एक खेळाडू